जीनोमचा नकाशा शिकताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी, ऐरोलीहून

मी ठाण्यात बॉटनी घेऊन बी.एस्सी. केलं आणि एम.एस्सी.ला बायोइन्फर्मॅटिक्सकडे वळले. पहिल्याच सेमिस्टरला 'स्ट्रक्चरल जीनोमिक्स आणि जीनोम मॅपिंग' असं एक युनिट होतं. ऐंशी स्लाइड आल्या, झेरॉक्स झाल्या, परीक्षा झाली, मार्कही बरे पडले. आपल्याला यातलं काही कळलेलं नाही, हे कळायला मात्र पुढचे सहा महिने लागले.

आता रविवारी आमच्या घरी ज्युनिअर मुलंमुली येतात. कुणी घणसोलीची, कुणी कळव्याची, एक मुलगी थेट पनवेलहून येते. अडतात मात्र सगळी त्याच जागी, जिथे मी अडले होते. दर बॅचला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझा निम्मा गोंधळ तिच्यामुळे होता. जीनोमचा, म्हणजे एखाद्या जिवाच्या सगळ्या डीएनएचा, कुठलाही नकाशा दोनच गोष्टी सांगतो: कोणामागे कोण, आणि किती लांब. 'कोणामागे कोण' याचं उत्तर सगळ्या नकाशांत एकच यायला हवं. 'किती लांब' याचं उत्तर दर नकाशात वेगळं येतं आणि ते वेगळं येणं ही चूक नाही. म्हणून कुणी अंतर सांगितलं की पहिला प्रश्न हा: कशात मोजलंय?

काय काय लागेल

- वही, आलेख कागद, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर विसरू नका.
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला आडवा धरला की बहुतेक फोनवर लॉगचं बटण दिसतं.
- साधा लॅपटॉप. सुरुवातीचं सगळं काम ब्राउझरमध्ये होतं, भारी मशिन नको.
- एनसीबीआय, एन्सेम्बल आणि युसीएससी या जीनोमची माहिती देणाऱ्या तीन संकेतस्थळांचे बुकमार्क. तिन्ही फुकट, नुसतं बघायला लॉग-इनही लागत नाही.
- कात्री आणि कागदाच्या पट्ट्या. हसू नका, सहाव्या पायरीला लागतील.
- अर्धसूत्री विभाजनाचा धडा, अकरावी-बारावीच्या पुस्तकातला. क्रॉसिंग ओव्हर म्हणजे काय हे डोळ्यांसमोर आलं पाहिजे.

या टप्प्यावर महागडा सर्टिफिकेट कोर्स लागत नाही. मी एक केला होता. भिंतीला शोभतो.

१. आधी नावाचा घोळ मिटवा

'स्ट्रक्चरल जीनोमिक्स' असं शोधलंत की दोन वेगळीच जगं समोर येतात. एकात नकाशे, मार्कर (डीएनएवरच्या खुणा), क्लोन (डीएनएच्या तुकड्यांच्या प्रती), सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं). दुसऱ्यात प्रथिनांच्या त्रिमितीय रचना आणि एक्स-रे क्रिस्टलोग्राफी. दोन्ही अर्थ खरे आहेत. प्रथिनांच्या रचना घाऊक प्रमाणात उलगडायचा एक मोठा सरकारी प्रकल्प अमेरिकेत २००० ते २०१५ या काळात चालला, त्यामुळे दुसरा अर्थ जास्त पसरला. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात मात्र या शब्दाच्या शेजारी 'फंक्शनल जीनोमिक्स' बसलेलं असेल, तर समजा की पहिला अर्थ हवा आहे: जीनोम कसा रचलेला आहे, कुठलं जनुक कुठे आहे, अक्षरांचा क्रम काय. कोण काय काम करतं हा फंक्शनलचा प्रांत.

मी पहिल्या असाइनमेंटमध्ये दीड पान क्रिस्टलोग्राफीवर लिहिलं होतं. मॅडमनी त्यावर नुसतं लाल प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

२. तीन नकाशे, तीन मोजपट्ट्या

पहिला सायटोजेनेटिक नकाशा. गुणसूत्राला रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसतात, त्यांवरून पत्ता द्यायचा. नवी मुंबईत राहणाऱ्यांना हा लगेच कळतो: नोड, सेक्टर, प्लॉट. सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित जनुकाचा पत्ता ७ क्यू ३१.२ असा लिहितात. सात नंबरचं गुणसूत्र, क्यू म्हणजे लांब बाहू, तिसरा विभाग, पहिला पट्टा, दुसरा उपपट्टा. वाचताना 'एकतीस' म्हणू नका, 'तीन-एक पॉइंट दोन' म्हणा. तोंडी परीक्षेत 'एकतीस' ऐकलं की समोरचा लगेच ओळखतो की पोरानं पाठ केलंय.

दुसरा जनुकीय नकाशा, म्हणजे लिंकेज मॅप. इथे मोजपट्टी पुनःसंयोजनाची, म्हणजे क्रॉसिंग ओव्हरमुळे जुन्या जोड्या सुटण्याची. दोन जनुकं वारसा घेताना शंभरातून एकदा एकमेकांपासून सुटत असतील, तर त्यांच्यातलं अंतर एक सेंटिमॉर्गन.

तिसरा भौतिक नकाशा. थेट डीएनएच्या अक्षरांत मोजणारा: बेस पेअर, किलोबेस, मेगाबेस.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक मला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उमगला. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. हा क्रम बदलत नाही. पण 'ऐरोली ते तुर्भे किती लांब?' असं विचारलं तर कुणी किलोमीटर सांगेल, कुणी मिनिटं. गाडी मध्येच सिग्नलला उभी राहिली तर मिनिटं वाढतात, रूळ काही लांब होत नाहीत. भौतिक नकाशा म्हणजे किलोमीटर, जनुकीय नकाशा म्हणजे मिनिटं. गंमत म्हणजे ई. कोलाय या जिवाणूचा जनुकीय नकाशा खरोखरच मिनिटांत मोजतात, पूर्ण वर्तुळ १०० मिनिटांचं.

माणसात सरासरीनं एक सेंटिमॉर्गन म्हणजे साधारण दहा लाख बेस पेअर. हे वाक्य सगळ्या नोट्समध्ये असतं आणि सगळ्यांना फसवतं. ती सरासरी आहे. सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या कमरेच्या, आसपास पुनःसंयोजन दबलेलं असतं, तिथे लाखो अक्षरं ओलांडली तरी सेंटिमॉर्गन फारसे सरकत नाहीत. काही जागी ते इतकं होतं की थोडक्या अक्षरांत बरेच सेंटिमॉर्गन भरतात. शिवाय स्त्रियांमध्ये क्रॉसओव्हर जास्त होत असल्यानं स्त्रियांचा जनुकीय नकाशा पुरुषांच्यापेक्षा बराच लांब येतो, डीएनए जवळपास तेवढाच असून. म्हणून सेंटिमॉर्गनला सरळ दहा लाखानं गुणून भौतिक जागा काढायला जाऊ नका.

३. एक नकाशा स्वतःच्या हातानं काढा

ही पायरी गाळू नका. सॉफ्टवेअर हे काम सेकंदात करतं, पण हातानं न करता पुढे गेलेली मुलं सॉफ्टवेअर काहीही बडबडलं तरी मान डोलावतात.

पहिला जनुकीय नकाशा १९१३ साली प्रसिद्ध झाला तो आल्फ्रेड स्टर्टव्हंटचा. हा फळमाशीवर काम करणाऱ्या थॉमस मॉर्गनच्या प्रयोगशाळेतला पदवीचा विद्यार्थी. १९११ साली त्यानं कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून फळमाशीची आकडेवारी घरी नेली आणि एका रात्रीत जनुकं ओळीनं मांडली. त्याच्याकडे होतं तेच आपल्याकडे आहे: मोजणी आणि कागद.

सरावासाठी मी रचलेले आकडे घ्या. क, ख, ग अशी तीन जनुकं, टेस्ट क्रॉसमधून (तिन्ही जनुकांची फक्त बदललेली रूपं असलेल्या जोडीदाराशी केलेल्या संकरातून) १००० संतती. अधिक म्हणजे नेहमीचं रूप, वजा म्हणजे बदललेलं.

क+ ख+ ग+ : ३८४
क– ख– ग– : ३७२
क– ख+ ग– : ४६
क+ ख– ग+ : ४८
क+ ख+ ग– : ७०
क– ख– ग+ : ७४
क– ख+ ग+ : २
क+ ख– ग– : ४

आता वही उघडा.

(अ) सगळ्यात मोठ्या दोन संख्या म्हणजे आईबापांकडून जशीच्या तशी आलेली जोडी. इथे ३८४ आणि ३७२.

(आ) सगळ्यात लहान दोन म्हणजे दुहेरी क्रॉसओव्हर. इथे २ आणि ४.

(इ) या दोन्ही गटांची तुलना करा. ख आणि ग एकत्रच राहिले, एकटा क उलटला. जो एकटा उलटतो तो मधला. क्रम ठरला: ख–क–ग. प्रश्नात अक्षरं क-ख-ग अशी दिली म्हणजे गुणसूत्रावरही त्याच ओळीत असतील असं धरून चालणं, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. आमच्या वर्गात ती पंचवीसपैकी एकोणीस जणांनी केली होती, माझ्यासकट.

(ई) ख आणि क यांच्यात तुटलेले: ४६ आणि ४८, अधिक दुहेरीवाले ६. एकूण १००, म्हणजे १० टक्के. क आणि ग यांच्यात: ७० आणि ७४, अधिक ६. एकूण १५०, म्हणजे १५ टक्के. दुहेरीवाले दोन्हीकडे धरायचे, कारण ते दोन्हीकडे तुटलेत.

(उ) आता फक्त टोकाच्या ख आणि ग कडे बघा, जणू क माहीतच नाही. सुटलेले दिसतात ९४ अधिक १४४, म्हणजे २३८. टक्केवारी २३.८. पण १० आणि १५ मिळून तर २५ होतात! हरवलेले १.२ कुठे गेले? दुहेरी क्रॉसओव्हरमध्ये. दोनदा तुटून टोकं पुन्हा जुन्या जोडीलाच येतात, म्हणून मोजणीत दिसत नाहीत. सहा जण, प्रत्येकी दोन वेळा, हजारात बारा.

(ऊ) अपेक्षेप्रमाणे दुहेरी किती हवे होते? ०.१० गुणिले ०.१५, म्हणजे हजारात १५. मिळाले ६. गुणोत्तर ०.४, एकातून वजा केलं की ०.६, हा इंटरफिअरन्स. एके ठिकाणी क्रॉसओव्हर झाला की शेजारी दुसरा सहजी होत नाही, त्याचं हे माप.

आता खरी गोष्ट. मधलं जनुक हाताशी नसेल तर हरवलेले क्रॉसओव्हर भरून कसे काढायचे? त्यासाठी मॅपिंग फंक्शन, म्हणजे टक्क्यांवरून खरं अंतर काढायचं सूत्र, असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला दोन नावं दिसतील: हॉल्डेन आणि कोसंबी. मी प्रोजेक्टसाठी एका ठिकाणी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "हे सेंटिमॉर्गन कोसंबीचे की हॉल्डेनचे?" मला वाटलं, थट्टा करताहेत. कोसंबी म्हटल्यावर मला प्राचीन भारताचा इतिहासच आठवला.

ते तेच कोसंबी. दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते त्या काळात, १९४४ साली, त्यांनी हे सूत्र मांडलं. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला ये-जा करत. म्हणजे ठाणे स्टेशन रोज त्यांच्या खिडकीतून जात असणार. हॉल्डेन हे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ, तेही पुढे १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि इथलेच झाले. आपल्या विद्यापीठांत हे दोघं नुसते ड्रॉपडाउनमधले पर्याय म्हणून शिकवतात याचं मला अजून वाईट वाटतं.

सूत्रं शब्दांत देते. पुनःसंयोजनाचं प्रमाण र धरा, इथे ०.२३८.

हॉल्डेन: एकातून २र वजा करा, नैसर्गिक लॉग घ्या, उणे अर्ध्यानं गुणा. उत्तर ०.३२३, म्हणजे ३२.३ सेंटिमॉर्गन.

कोसंबी: (१ + २र) भागिले (१ – २र), त्याचा नैसर्गिक लॉग, त्याचा चौथा हिस्सा. उत्तर ०.२५९, म्हणजे २५.९ सेंटिमॉर्गन.

आपण मधलं जनुक वापरून काढलेलं अंतर होतं २५. कोसंबी जवळ आले, कारण त्यांच्या सूत्रात इंटरफिअरन्स धरलेला आहे. हॉल्डेन मानतात की क्रॉसओव्हर एकमेकांची पर्वा करत नाहीत. आकडे लहान असतील, समजा ५ टक्क्यांच्या आत, तर दोन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात आणि वाद मिटतो. मोठे असतील तर कुठलं फंक्शन वापरलं ते लिहिल्याशिवाय तुमचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशाशी जोडता येणार नाही. कॅल्क्युलेटरवर 'लॉग' नव्हे, 'एलएन' दाबा. दहाच्या पायाचा लॉग दाबून चुकलेली एक मुलगी तरी दर बॅचला असतेच.

४. मार्कर म्हणजे मैलाचे दगड

माशांचे डोळे पांढरे की लाल हे दिसतं. माणसात असे सोयीचे गुण कमी आणि ठरवून संकर करता येत नाही. १९८० साली बॉटस्टिन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की डीएनएमधले निरुपद्रवी फरकच खुणा म्हणून वापरा. तिथून आरएफएलपी (एन्झाइमनं कापल्यावर तुकड्यांच्या लांबीत दिसणारे फरक) आले, मग मायक्रोसॅटेलाइट (पुन्हापुन्हा येणारे छोटे अक्षरगट), आणि आता एसएनपी, म्हणजे एका अक्षराचा फरक. मार्कर स्वतः आजार करत नाही, तो आजाराच्या जनुकाशेजारी उभा असतो. 'रबाळ्याला गर्दीत एक माणूस चढला' एवढ्यावरून माणूस सापडत नाही, कुठल्या डब्यात शोधायचा ते मात्र कळतं.

हंटिंग्टन रोगाचं उदाहरण पाठ ठेवा. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या मदतीनं १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर मार्कर सापडला. प्रत्यक्ष जनुक हाती लागलं १९९३ मध्ये. मार्करपासून जनुकापर्यंत दहा वर्षं.

कुटुंबांच्या आकडेवारीत 'लॉड स्कोअर' दिसेल. दोन जागा लिंक्ड, म्हणजे जवळ असून एकत्र वारसा जाणाऱ्या, असण्याच्या पुराव्याचं हे माप, दहाच्या पायाच्या लॉगमधलं. ३ किंवा जास्त असेल तर लिंकेज मानायची पद्धत आहे. ३ म्हणजे लिंकेज असण्याच्या बाजूनं हजारास एक. तो टक्का नव्हे.

५. भौतिक नकाशा: कापा आणि मोजा

रिस्ट्रिक्शन एन्झाइम ठरावीक अक्षरांवर डीएनए कापतात. इको आर वन 'जी-ए-ए-टी-टी-सी' दिसलं की कापतं, बॅम एच वन 'जी-जी-ए-टी-सी-सी'. तुकडे जेलवर विजेनं पळवायचे (लहान तुकडा पुढे जातो), लांबी मोजायची आणि काप कुठे होते हे मागे जाऊन ओळखायचं.

आमच्या प्रॅक्टिकलला १० किलोबेसचा सरळ तुकडा होता. इको आर वननं ७ आणि ३, बॅम एच वननं ६ आणि ४. आता इको डाव्या टोकापासून ३ वर आहे असं धरा. मग बॅम ४ वर असेल किंवा ६ वर. ४ वर असेल तर दोन्ही एन्झाइम मिळून तुकडे ३, १, ६. सहावर असेल तर ३, ३, ४. म्हणून डबल डायजेस्ट करायचं, उत्तर मिळतं.

माझ्या जेलवर डबलच्या लेनमध्ये दोनच पट्ट्या आल्या: ४ आणि ३. बेरीज ७. तीन किलोबेस गायब. मी दोनदा प्रयोग पुन्हा केला, एन्झाइम जुनं झालं म्हणून तक्रार केली, पिपेटला नावं ठेवली. शेवटी लॅबमधले मामा, जे वीस वर्षं जेल ओतत आले होते, ट्रान्सइल्युमिनेटरवर वाकून म्हणाले, "ताई, खालची पट्टी बघा की. जाड आहे." लहान तुकड्यात डीएनए कमी, म्हणून ३ ची पट्टी ४ पेक्षा फिकी दिसायला हवी होती. ती उजळ होती, कारण ३ आणि ३ एकावर एक बसले होते.

तेव्हापासून माझा नियम: पट्ट्या दिसल्या की आधी बेरीज. जमत नसेल तर उजेड बघा.

याच पायरीचे आणखी दोन सापळे. लॅम्डा या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूचा डीएनए ४८,५०२ बेस पेअरचा, हिंड थ्री एन्झाइमनं कापला की आठ तुकडे होतात, पण १२५ बेसचा सगळ्यात छोटा सहसा दिसतच नाही. आणि २३,१३० आणि ४,३६१ हे दोन टोकाचे तुकडे त्यांच्या चिकट टोकांनी एकमेकांना धरतात. लोड करण्याआधी ६५ अंशांवर थोडा वेळ तापवून लगेच बर्फात ठेवलं नाही तर ४,३६१ ची पट्टी फिकी पडते आणि तुम्ही मामांना हाक मारता.

मोठ्या जीनोमसाठी एवढं पुरत नाही. तिथे १०० ते २०० किलोबेसचे तुकडे बॅक क्लोनमध्ये (जिवाणूत वाढवलेल्या प्रतींत) ठेवतात, कुठले क्लोन एकमेकांवर चढतात ते शोधतात आणि सलग साखळी बांधतात. त्या साखळीला कॉन्टिग म्हणतात. मानवी जीनोम प्रकल्प (१९९० ते २००३) याच वाटेनं गेला. भाताचा जीनोमही तसाच झाला. बारा गुणसूत्रं देशोदेशी वाटून घेतली होती, अकराव्याच्या कामात भारताचा वाटा होता, आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

६. वाचा आणि जोडा

दुसरी वाट शॉटगनची: नकाशा न करता सगळ्याचे तुकडे करा, वाचा, संगणकाला जोडायला द्या. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएंझी या जिवाणूचा सुमारे १८ लाख ३० हजार अक्षरांचा जीनोम असाच पूर्ण झाला.

कात्री काढा. एका पट्टीवर ठाणे ते पनवेल सगळी स्टेशनं ओळीनं लिहा. अशा पाच पट्ट्या करा. प्रत्येक वेगवेगळ्या जागी कापा, दर तुकड्यात तीनचार स्टेशनं. सगळे तुकडे मिसळा आणि भावंडाला जोडायला द्या. एकच पट्टी असती तर जमलं नसतं, कारण एकमेकांवर चढणारा भागच नसता. म्हणून कव्हरेज, म्हणजे तोच भाग अनेकदा वाचणं, लागतं. तुकडे कुठेही पडू शकतात असं धरलं तर ५ पट वाचूनही साधारण ०.६७ टक्के भाग वाचायचा राहतो. माणसाच्या ३१० कोटी अक्षरांत तो दोन कोटींच्या वर जातो. १० पट केलं की उरतात सुमारे १ लाख ४० हजार.

आता दुसरा खेळ. पट्टीवर असं लिहा: ऐरोली, सेक्टर ३, सेक्टर ४, सेक्टर ५, घणसोली, नेरूळ, सेक्टर ३, सेक्टर ४, सेक्टर ५, सीवूड्स. तुकडे तीन-तीन शब्दांचेच करा. ऐरोलीनंतरच्या सेक्टर ५ पुढे घणसोली की सीवूड्स? सांगता येत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'सेक्टर ५' म्हटलं की तो वळून बघतो, तसंच. पाच शब्दांचा तुकडा मिळाला तरच दोन्ही टोकं दिसतात. मानवी जीनोमचा जवळपास निम्मा भाग असा पुन्हापुन्हा येणारा आहे. दीडशे अक्षरांची वाचनं तिथे हरतात, हजारो अक्षरांची लांब वाचनं पार करतात. २००३ मध्ये 'पूर्ण' म्हटलेल्या जीनोममध्ये उरलेला सुमारे ८ टक्के भाग २०२२ मध्ये भरून निघाला तो मुख्यतः याच लांब वाचनांमुळे.

पेपरमध्ये एन-५० दिसेल. जोडणीचे तुकडे किती लांब झाले याचं हे माप. समजा कॉन्टिग ४०, २५, १५, १०, ५, ५ लांबीचे, एकूण १००. मोठ्यापासून बेरीज करा: ४०, मग ६५. निम्म्याच्या पुढे ज्या कॉन्टिगनं नेलं तो २५. एन-५० पंचवीस. मोठा आकडा म्हणजे चांगली जोडणी, असं मात्र नाही. चुकीचे तुकडे दणकून चिकटवले तरी एन-५० फुगतो.

७. ब्राउझरमध्ये एक जनुक स्वतः शोधा

इथे वेळ द्या. एचबीबी घ्या, बीटा ग्लोबिनचं जनुक. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया दोन्ही याचेच. पालघर-जव्हारपासून नंदुरबार, गडचिरोलीपर्यंत आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो, त्यामुळे हे जनुक आपल्याला लांबचं नाही.

युसीएससी ब्राउझर उघडा. शोधायच्या आधी वर मानवी जीनोमची कुठली आवृत्ती निवडली आहे ते वाचा: एचजी १९ की एचजी ३८. मग एचबीबी टाका. ११ पी १५.४ या पट्ट्यावर पोचाल. पायरी दोनमधले तिन्ही नकाशे इथे एका पडद्यावर येतात: वर पट्टे, खाली अक्षरांचे आकडे, आणि ट्रॅकच्या यादीत पुनःसंयोजनाचा दर. थोडं बाहेर झूम केलंत तर शेजारी ग्लोबिनची बाकीची भावंडंही रांगेत दिसतील.

आता आरएस ३३४ शोधा. सिकलसेलचा बदल तो हाच. एचजी ३८ वर जागा दिसेल ५२,२७,००२. आवृत्ती बदलून एचजी १९ करा. जागा होते ५२,४८,२३२. अक्षर तेच, गुणसूत्र तेच, आकड्यात २१,२३० चा फरक. जीनोमची नवी आवृत्ती आली, आधीच्या भागात दुरुस्त्या झाल्या, मोजणी सरकली. जानेवारी २०२४ पर्यंत ठाण्याहून निघालं की ऐरोली पुढचंच स्टेशन होतं. मध्ये दिघा गाव सुरू झालं आणि ऐरोली दुसरं झालं. आमची इमारत जागची हलली नाही.

माझ्या प्रोजेक्टमध्ये एक फाइल एका आवृत्तीची, दुसरी दुसऱ्या आवृत्तीची आली होती. कुणीच फाइलवर लिहिलं नव्हतं, मीही विचारलं नाही. तीन आठवडे मी 'नवीन' फरक सापडल्याच्या आनंदात होते. लिफ्टओव्हर नावाचं साधन आकडे एका आवृत्तीतून दुसरीत नेतं, पण आधी गडबड आहे हे लक्षात यावं लागतं.

इथेच आणखी तीन खड्डे आहेत. पुस्तकात सिकलसेलचा बदल ए चा टी असा असतो, जी-ए-जी चं जी-टी-जी. ब्राउझर मात्र टी चा ए दाखवतो. दोन्ही बरोबर: एचबीबी उलट्या पट्टीवर वाचलं जातं आणि ब्राउझर सुलट्या पट्टीची अक्षरं दाखवतो. दुसरा खड्डा, जुन्या पुस्तकांत हा सहावा अमिनो आम्ल म्हणून येतो, नव्या नामकरणात सातवा. पहिलं मेथिओनिन नंतर काढून टाकलं जातं, जुने लोक ते मोजत नसत. तिसरा, बेड प्रकारच्या, म्हणजे जीनोमवरच्या जागांची यादी असलेल्या, फाइलमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून हीच जागा ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ अशी लिहिलेली दिसेल. एकाचा फरक दिसला की आधी फाइलचा प्रकार बघा, मग घाबरा.

८. प्रोजेक्टसाठी कुणाकडे जाताना

खारघरला ॲक्ट्रेक ही कॅन्सर संशोधन संस्था आहे, आसपास विद्यापीठं आणि खासगी प्रयोगशाळाही आहेत. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे, ते त्यांच्या संकेतस्थळावरच वाचा, सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्याकडे बहुतेक ठिकाणी मागितले ते कागद असे:

- कॉलेजचं बोनाफाइड आणि विभागप्रमुखांचं पत्र. पत्रावर कालावधीच्या तारखा हव्यात. तारखांशिवायचं पत्र मला दोनदा परत मिळालं.
- सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, दोन फोटो.
- एक पानाचा बायोडेटा आणि अर्ध्या पानात तुम्हाला काय करायचं आहे ते. 'जीनोमिक्समध्ये रस आहे' एवढंच लिहू नका. पायरी सातमध्ये तुम्ही बघितलेलं एक जनुक, त्याची जागा, सोबत आवृत्ती, असं लिहा.

मेल सोमवारी सकाळी टाका, आठवडाभरानं एकदाच आठवण करा. बोलावलं तर सोबत वही न्या, पायरी तीनवाली. माझ्या दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी लॅपटॉप उघडूच दिला नाही. कागद पुढे सरकवला आणि आठ ओळींचे आकडे लिहून दिले.